उजवा म्हणजे मारणाऱ्याचा उजवा

भरल्या मैदानात, भोंग्यावरून, खणखणीत आवाजात मी माझ्याच नातीची पेनल्टी घालवली, हे आधी कबूल करून टाकते. नाहीतर आबांविषयी लिहायला बसले की पहिल्याच पानावर कोणीतरी विचारणार, आजी, ते पेनल्टीचं येणार आहे ना? येणार आहे. तेव्हा मी अवघी एकसष्ट वर्षांची होते. अक्कल यायची होती. केसांना कलप, पायात कोरे करकरीत स्पोर्ट्स शूज, आणि फुटबॉलमधलं आपल्याला सगळं कळतं असा ठाम गैरसमज. शूज सुनेनं सकाळी फिरायला जावं म्हणून आणून दिले होते. मी ते मैदानाच्या कडेला उभं राहून ओरडण्यासाठी वापरत होते.

ओरडायला मला कुंदानं शिकवलं, बघायला आबांनी. कुंदा आमच्या मुलुंडच्या सोसायटीत तळमजल्यावर राहते. आबा कोण, ते सांगायलाच बसले आहे.

आबांचा हुद्दा कुठल्या कागदावर लिहिलेला नव्हता. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत जेवढी म्हणून मैदानं आहेत तिथे पोरं खेळायची आणि आबा ती बघायचे, एवढंच. पण एखाद्या क्लबला, एखाद्या अकादमीला, जिल्ह्याच्या संघाला पोरं हवी झाली की पहिला फोन आबांना जायचा. आबा म्हणाले, हा घ्या, की तो घेतला जायचा. आणि रविवारी स्पर्धा असली की हेच आबा मंडपातल्या टेबलामागे बसून माईकवर सामना सांगायचे. ते आमच्या लोकल केबलवर घरोघरी दिसायचं. आम्हा बायकांना त्यांचा नाद तिथूनच लागला. दुपारी हुकलेली मालिका बघावी म्हणून टीव्ही लावावा, तर केबलवाल्यानं आबांना लावलेलं. पहिल्या रविवारी मी केबलवाल्याला फोन करून झापलं. चौथ्या रविवारी सामना अर्ध्यात बंद पडला म्हणून झापलं. सहाव्या रविवारी मी आणि कुंदा थेट मैदानावर, छत्री आणि डबा घेऊन.

माणूस उंच, लुकडा, पँट पोटाच्या बरीच वर, शर्टाची इस्त्री कडक. उभं आयुष्य त्यांनी भांडुपच्या एका औषधांच्या कारखान्यात गोळ्या तपासण्यात घालवलं होतं. समोरून पट्टा सरकतोय, पट्ट्यावर पांढऱ्या गोळ्यांची रांग, त्यातली टवका उडालेली तेवढी बोटानं उचलून बाजूला टाकायची. ते म्हणायचे, "तिथे वाईट शोधत होतो, इथे चांगलं शोधतो. डोळे तेच, पट्टा तेवढा मोठा झालाय."

पोरं बघायची त्यांची पद्धत फार दिवस कोणाला कळलीच नाही. शर्टाच्या डाव्या खिशात भाजलेले शेंगदाणे असायचे. सामना चालू झाला की मधूनच एक शेंगदाणा डाव्या खिशातून निघून पँटच्या उजव्या खिशात जायचा. आम्हाला वाटायचं, पथ्यपाणी असेल काहीतरी. मग कुंदानं एकदा धीर करून विचारलं. तर आबांनी एक पोरगा धरलेला असायचा, आणि बॉल त्याच्याकडे यायच्या आधी त्यानं मान वळवून आजूबाजूला बघितलं की एक शेंगदाणा इकडचा तिकडे. बॉल आल्यावर काय करतो ते सगळं गाव बघतं, त्यासाठी मी कशाला हवा, असं त्यांचं म्हणणं. सामना संपला की उजव्या खिशावर हात ठेवून अंदाज घ्यायचे आणि उरलेले शेंगदाणे खाऊन टाकायचे.

कुंदाच्या पोटात गोष्ट राहत नाही. पंधरा दिवसांत विक्रोळीपर्यंत बातमी. पुढच्या रविवारी मैदानावर जे काही दिसलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. दोन्ही संघांची पोरं नंदीबैलासारखी माना हलवत धावत होती. बॉल कुठे आहे याची कोणाला शुद्ध नव्हती. एक पोरगा मान वळवता वळवता रेफरीला धडकला, दुसऱ्याला त्याच्या आईनं घरी नेऊन मानेला बाम चोळला. आबा माईकवर शांतपणे म्हणाले, "आज मैदानात वारा फार आहे, सगळी पाती फिरतायत." महिनाभर त्यांनी शेंगदाणे आणलेच नाहीत. कुंदाशीही महिनाभर बोलले नाहीत.

आबांच्या तोंडून कौतुक असं कधी निघालं नाही. त्यांच्याकडे शब्द तीनच. पोरगं उत्तम असलं की "चालेल." शंका असली की "बघू." आणि कामातून गेलेलं असलं की आबा त्याच्या खांद्यावर हात ठेवून फार मायेनं विचारायचे, "अभ्यास कसा चाललाय?" हा प्रश्न ऐकून धिप्पाड पोरं रडलेली मी पाहिली आहेत. एकदा एका कौतुक्या बापाला हे माहीत नव्हतं. तो खूश होऊन सांगत बसला की गणितात पैकीच्या पैकी आहेत, आबांनी फार आपुलकीनं चौकशी केली. आम्ही त्याला चहा पाजला. दुसरं काय करणार?

वशिला घेऊन आलेल्या आईबापांसाठी मात्र त्यांच्याकडे शब्दसुद्धा नव्हता. ते घडीच्या स्टुलावर बसायचे. कोणी "आबा, जरा आमच्याकडे लक्ष असू द्या" असं म्हणत जवळ आलं की स्टूल उचलायचे, अर्धा फेरा फिरवायचे आणि पाठ करून बसायचे. त्या पोराचं नाव मग त्या मोसमात निघत नसे. त्यामुळे मैदानावर आबांच्या आसपास दहा फूट जागा कायम मोकळी.

माईकवरचे आबा वेगळेच. फुटबॉल त्यांनी आम्हाला आमच्याच घरातल्या भाषेत सांगितला. उगाच लांब मारलेला बॉल म्हणजे पत्ता न लिहिता पेटीत टाकलेलं पत्र. गोलसमोर जाऊन नुसते एकमेकांना पास देत बसले की, "लग्नाची बोलणी जोरात चालली आहेत, मुलगी कोणी बघेना." एखादा खेळाडू आधीच अंगावर धावून गेला की, "पाहुणे दारात यायच्या आधी पान वाढलं यानं." माईक चालू आहे हे विसरले की थेट मालवणीत, "मेल्या, खंय बघतंस? मागसून येता तो." आणि गोल झाला की जगातले बाकी सगळे सांगणारे किंचाळतात, आबा गप्प व्हायचे. तीन आकडे मोजावेत एवढं गप्प. मग खालच्या आवाजात, "झालं." त्या एका शब्दावर मैदान पेटायचं. मी स्वयंपाकघरात पोळी भाजताना ऐकून उलथनं हवेत फेकलेलं आहे. आमच्या ह्यांचं म्हणणं, बाई क्रिकेटच्या घरात आली आणि पंचावन्न वर्षांची झाल्यावर बाटली.

तर अशा आबांच्या देखत मी ते केलं.

माझी नात मनवा तेव्हा तेरा वर्षांची. मुलींची सात-सात जणींची स्पर्धा होती, आणि तिचा संघ अंतिम फेरीत भांडुपच्या मुलींसमोर. कोल्हापूरला वर्षभराचं निवासी शिबिर होतं, शाळा तिथेच, खेळ तिथेच. आमच्या भागातून एकच मुलगी जायची होती आणि ती आबा त्या सामन्यातून निवडणार होते. मनवाला हे एवढं हवं होतं की ती त्या वर्षी गणपतीला गावी आली नाही. बापाबरोबर मुलुंडला राहून सोसायटीच्या पंपरूमच्या दारावर बॉल मारत बसली. जेवताना, झोपताना, एकच जप. मी देवाला सांगितलं होतं की दुसरं काही मागत नाही. मागत होते, पण त्या आठवड्यात थांबवलं होतं.

सकाळचे दोन सामने सांगून आबांचा घसा बसला. बसला म्हणजे पार बसला, नुसती हवा येत होती. अंतिम सामना तोंडावर, केबलवाला हातवारे करतोय. कुंदानं मला मागून ढकललं. ही टेलिफोनमध्ये ऑपरेटर होती तीस वर्षं, हिचा आवाज बघा, असं म्हणाली. आबांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत, शूजपर्यंत, बघितलं. दुसरा इलाज नव्हता. माईक माझ्या हातात देऊन ते कानाशी कुजबुजले, "दिसतं तेवढंच सांगा." 

पहिला अर्धा वेळ मी सोन्यासारखा सांगितला. खोटं कशाला बोलू, मला स्वतःचाच आवाज इतका आवडला की मी मध्येच एकदा केबलच्या प्रेक्षकांना "कृपया प्रतीक्षा करा" असं म्हणाले. दुसऱ्या अर्ध्यात भांडुपनं गोल केला. मी आबांसारखी गप्प राहिले, पण आनंदानं कोणी गप्प राहतं तशी नव्हे. आणि शेवटच्या दोन मिनिटांत मनवाला पाडलं. रेफरीची शिट्टी. पेनल्टी. मारणार मनवाच.

मैदान एकदम चिडीचूप झालं. टेलिफोनमध्ये तीस वर्षं काढलेल्या बाईला लाइनवरची शांतता सोसत नाही. काहीतरी बोललंच पाहिजे. आबांनीच शिकवलेलं होतं की ऐकणाऱ्याला नीट चित्र दिसलं पाहिजे. मी चित्र दाखवलं.

मी म्हणाले, "आता पेनल्टी घेत आहे मनवा. ही मुलगी नेहमी उजव्या खालच्या कोपऱ्यात मारते. आमच्या सोसायटीच्या पंपरूमच्या दाराला नेमका त्याच कोपऱ्यात पोचा पडलेला आहे, सेक्रेटरींनी तशी नोटीस लावली आहे." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण कोणाचा घोळ होऊ नये म्हणून पुढे म्हणाले, "उजवा म्हणजे मारणाऱ्याचा उजवा. गोलकीपरचा डावा."

आबांच्या घशातून हवा बाहेर आली, शब्द आला नाही. त्यांनी टेबलावर हात आपटला. मला वाटलं, दाद देतायत. मग त्यांनी मला एक शेंगदाणा फेकून मारला, तो माझ्या मांडीवर पडला. मला वाटलं, बक्षीस. मी खाल्ला.

समोर भांडुपची गोलकीपर पोरगी दोन पावलं सरकली आणि आपल्या डाव्या खांबाला जवळजवळ टेकून उभी राहिली, बस स्टॉपवर उभं राहावं तशी निवांत. वर मंडपाकडे बघून तिनं मला हात केला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तीस वर्षं मी अख्ख्या मुंबईची गुपितं कानात ठेवून ओठ शिवून बसले होते. लग्नं मोडलेली ऐकली, नवरे पळालेले ऐकले, हूं की चूं केलं नाही. आणि स्वतःच्या नातीचं एकुलतं एक गुपित अर्ध्या मिनिटात मैदानभर वाटलं, वर दिशासुद्धा समजावून दिली.

मनवानं माझ्याकडे बघितलं. गोलकीपरकडे बघितलं. पुन्हा माझ्याकडे बघितलं. ती दुसरी नजर मी अजून विसरलेले नाही. मग तिनं बॉल दुसऱ्याच बाजूला मारला, जिथे तिनं जन्मात कधी मारला नव्हता. मी तोंडावर पदर घेतला, त्यामुळे पुढचं मला दिसलं नाही, नुसता बॉल भिंतीवर आपटल्याचा आवाज आला. खांबाच्या बाहेरून गेला होता. मिनिटभरात सामना संपला. आम्ही हरलो. माईक अजून चालूच होता, आणि माझं "अगं आई गं" केबलवर मुलुंडभर गेलं.

मनवा आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. समोर बसून बापाला सांगायची, आजीला म्हणावं आमटी इकडे कर. सोसायटीत पोरं मला बघून ओरडायची, मारणाऱ्याचा उजवा. सेक्रेटरी तर जिन्यात भेटले की मुद्दाम बाजूला होऊन विचारायचे, वहिनी, कुठल्या बाजूनं जाताय? मी हसायचे. रात्रभर कुशी बदलायचे.

नवव्या दिवशी मी उठले आणि कोणाला न सांगता भांडुपला आबांच्या घरी गेले. वशिला घेऊन जाणाऱ्यांचं काय होतं हे मला ठाऊक होतं. पण माझ्या जिभेपायी पोरीचं वर्ष जात असेल, तर काय घरात बसून वाती वळायच्या? आबांनी दार उघडलं. घसा अजून बसलेलाच होता. आम्ही समोरासमोर बसलो आणि मी सुरुवात केली, की आबा, चूक माझी आहे, त्या पेनल्टीवरून पोरीला जोखू नका. एवढं म्हणताच आबा फिरले. घरात घडीचं स्टूल नव्हतं आणि त्यांची खुर्ची पडली जड, म्हणून ते स्वतःच उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मी त्यांच्या पाठीशी बोलत राहिले. पंपरूम सांगितलं, गणपती सांगितला, पोरगी नीट जेवत नाही हे सांगितलं. थोड्या वेळानं त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडलं, मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहिलं, आणि न वळता खांद्यावरून मागे धरलं.

"तुमच्यामुळे काही झालेलं नाही. स्वतःला एवढं मोठं समजू नका."

मला रागच आला. एवढं मनापासून केलेलं पाप, आणि हा माणूस ते माझ्या नावावर लावायला तयार नाही. मी म्हटलं, आबा, सगळ्या मैदानानं ऐकलं. दुसरं पान आलं.

"चुकल्यावर ती काय करत होती?"

मला सांगता येईना. पदर होता ना तोंडावर. पाच वर्षं आबांकडून बघायला शिकले म्हणून मी कुंदासमोर मिरवायची, आणि बघायच्या वेळी डोळे झाकून बसले होते. मी गप्प राहिलेली बघून, म्हणजे ऐकून, आबांनी तिसरं पान दिलं. हे मोठं होतं.

"पाच जणी डोक्याला हात लावून उभ्या. गोलकीपरही उभी. तुमची एकटी मागे पळत होती, आपला गोल राखायला. पळताना दोनदा मान वळवली."

आणि मग कॅलेंडरचा एवढासा तुकडा. त्यावर "चालेल."

मी तो तुकडा हातात धरून रडले, हसले, त्यांना वाकून नमस्कार करायला गेले तर ते भिंतीला आणखी चिकटले. दारापर्यंत पोहोचले आणि माझ्यातली ऑपरेटर जागी झाली. जाता जाता विचारलंच, की आबा, बाकीची माझी कॉमेंट्री कशी होती? खरं सांगा. तेव्हा मात्र ते वळले. जवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्या फाटक्या घशातून, सगळं बळ लावून, मायेनं म्हणाले, "अभ्यास कसा चाललाय?"

मनवा कोल्हापूरला गेली. जाताना माझ्याशी बोलायला लागली होती, पण पेनल्टीविषयी चकार शब्द नाही. मीही काढला नाही. पुढे ती जिल्ह्याकडून खेळली, गुडघा दुखावला, आता घाटकोपरला फिजिओ म्हणून लोकांचे गुडघे सांभाळते आणि रविवारी आपला गुडघा सांभाळत खेळते. 

आबा शेवटपर्यंत सामने सांगत राहिले. केबल गेलं तेव्हा मोबाइलवर सांगायला लागले. एकदा त्यांनी फोन उलटा धरला, आणि अख्खा अर्धा सामना आम्हाला नुसता आबांचा कान दिसला. दोन-अडीचशे माणसं तो कान बघत होती. कोणी बंद केलं नाही. कुंदा म्हणाली, पोरगं चांगलं असलं की कानाची पाळी हलते, नीट बघ. मी बघितलं. हलत होती.

मागच्या वर्षी आबा गेले. त्यांच्या वाढदिवसाला गेल्या महिन्यात आम्ही सगळे जुने चाहते त्याच मैदानावर जमलो. हार घातलेला फोटो ठेवला नाही. आबांना फोटो आवडत नसत, त्यात माणूस पळत नाही म्हणून. टेबलावर माईक आणि परातभर शेंगदाणे. दोन मिनिटं शांतता पाळायची ठरली होती, पण तीनपर्यंत मोजून होतं न होतं तोच मागून कोणीतरी खालच्या आवाजात म्हणालं, "झालं." मग जे हसू फुटलं ते आवरेना. पोट धरून हसणाऱ्या, डोळे पुसणाऱ्या त्या घोळक्यात टक्कल पडलेले गडी होते, कडेवर मूल घेतलेल्या मुली होत्या, आणि गणितात पैकीच्या पैकी मिळवणारा तो पोरगाही होता. तो आता कॉलेजात गणित शिकवतो.

माईक फिरत फिरत माझ्याकडे आला. मी पेनल्टी सांगितली, नेहमीसारखी, हातवारे करून, पंपरूमसकट. बारा वर्षं सांगतेय, चांगली घोटून झाली आहे. शेवटी सगळ्यांदेखत पुन्हा कबूल केलं की त्या दिवशी माझ्या जिभेनं माझ्या नातीचा घात केला. टाळ्या मिळाल्या. कबुलीला मिळतात तशा.

घरी येताना मनवा बरोबर होती. मला हाताला धरून रस्ता ओलांडून देत होती. पलीकडे पोहोचल्यावर मी तिला म्हटलं, खरंच गं, बारा वर्षं झाली तरी माझ्या मनातून जात नाही. ती थांबली. माझ्या पदरावर पडलेली शेंगदाण्याची साल झटकली आणि म्हणाली,

"आज्जी, तू बोलायच्या आधीच माझे पाय लटपटत होते, बॉल कुठेही गेला असता. तू बोललीस ते बरं झालं, नाहीतर आठ दिवस मी चिडणार कोणावर होते?"